बुबुळ, परितारिका आणि मोरपिसाचा डोळा
(नेत्रवैद्यक व जीवशास्त्रातील मराठी परिभाषेची समीक्षा : बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

शास्त्रीय परिभाषेविषयी मराठीत आजवर झालेली चर्चा बहुतांशी 'संस्कृतनिष्ठ की सुलभ' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे. १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाली आणि त्यानंतर विविध विषयांचे परिभाषा कोश सिद्ध झाले. मराठी विश्वकोशाच्या खंडांनीही शास्त्रीय लेखनाला शब्दांचे बळ पुरविले. या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि एखादी संज्ञा कोशात आली म्हणजे ती भाषेत आली असे होत नाही. ती वर्गात, दवाखान्यात आणि शेताच्या बांधावर कितपत काम करते, हीच तिची खरी कसोटी होय.

प्रस्तुत लेखात या कसोटीवर दोन इंग्रजी संज्ञांचे मराठी प्रतिशब्द तपासले आहेत : 'आयरिस' आणि 'इरिडेसन्स'. पहिली शरीरशास्त्रातील असून ती डोळ्यातील रंगीत पडद्याचे नाव आहे. दुसरी मोरपीस, शिंपला, मासोळीचा खवला यांवर दिसणाऱ्या, पाहण्याच्या कोनानुसार पालटणाऱ्या रंगाचे नाव आहे. इंग्रजीत दोन्ही शब्दांचे मूळ एकच, म्हणजे इंद्रधनुष्याची ग्रीक देवता आयरिस. मराठीत मात्र या दोन संज्ञांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या झाल्या. ही फारकत नुकसानीची आहे की लाभाची, आणि मराठीची खरी अडचण तिथेच आहे की अन्यत्र, हा या समीक्षेचा विषय आहे. विवेचनासाठी बारामती व इंदापूर या तालुक्यांचा परिसर निवडला आहे. ऊस, पाणपक्षी आणि मोर या तिन्हींशी या परिसराचा निकटचा संबंध आहे आणि तिन्ही ठिकाणी या संज्ञांची परीक्षा होते.

१. बुबुळ : एक शब्द, अनेक अवयव

डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या मध्यभागी जे काळे वा तपकिरी वर्तुळ दिसते त्याला मराठी माणूस बुबुळ म्हणतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते एक वर्तुळ आहे, परंतु शरीररचनेच्या दृष्टीने तिथे एकामागे एक असे तीन घटक आहेत. सर्वांत पुढे घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पटल असते, ते 'कॉर्निया'. त्यामागे रंगीत स्नायुमय पडदा असतो, तो 'आयरिस'. या पडद्याच्या मध्यभागी प्रकाश आत जाण्यासाठी असलेले छिद्र म्हणजे 'प्युपिल'. कॉर्नियाला स्वतःचा रंग नाही, प्युपिल हे तर केवळ छिद्र. डोळ्याचा म्हणून जो रंग सांगितला जातो तो आयरिसचा असतो.

बोलभाषेत या तिन्हींना मिळून एक शब्द असणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याची जी पाच मंडले सांगितली आहेत त्यांत श्वेतमंडलाच्या आत कृष्णमंडल आणि त्याच्या आत दृष्टिमंडल येते. तिथेही पारदर्शक पटल आणि त्यामागचा रंगीत पडदा हे मिळून एकच काळे मंडल दिसते. बाहेरून पाहणाऱ्याने केलेली ही विभागणी आहे आणि तेवढ्यापुरती ती अचूक आहे. 'बुबुळ' हा शब्द त्याच दृष्टीचा वारस होय.

अडचण निर्माण होते ती हा शब्द आधुनिक व्यवहारात तसाच आणला गेल्यामुळे. नेत्रदानाच्या प्रचारात आणि वृत्तपत्रांतून 'बुबुळ प्रत्यारोपण' हा शब्दप्रयोग सर्रास आढळतो. तिथे अभिप्रेत असतो तो कॉर्निया. १९०५ साली एडुआर्ड झिर्म यांनी यशस्वी केलेल्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून आजवर दात्याच्या डोळ्यातून रुग्णाच्या डोळ्यात बसविले जाते ते हे पारदर्शक पटलच. दुसरीकडे, २०१० च्या सप्टेंबरमध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे 'आधार' क्रमांकाच्या वितरणास प्रारंभ झाला. त्यानंतर बोटांच्या ठशांबरोबर 'बुबुळांची प्रतिमा' घेणे हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. तिथे अभिप्रेत असतो तो आयरिस, कारण प्रत्येक व्यक्तीत निराळी असणारी तंतूंची आणि खळग्यांची नक्षी याच पडद्यावर असते.

याचा परिणाम असा की नेत्रदानाच्या पत्रकातील बुबुळ आणि आधार केंद्रावरील बुबुळ हे दोन वेगळे अवयव ठरतात. वाचकाला मात्र तसे कोणी सांगत नाही. दात्याचे बुबुळ बसविल्यावर डोळ्याचा रंग बदलेल काय, किंवा आधारची ओळख पुसली जाईल काय, अशा शंका अज्ञानातून उद्भवतात असे मानले जाते. वस्तुतः त्या भाषेतून उद्भवतात. ज्याला दोन्ही ठिकाणी एकच शब्द दिला आहे त्याने असा प्रश्न विचारणे पूर्णपणे तर्कशुद्ध आहे.

२. उसाची पात आणि शब्दाची किंमत

या संदिग्धतेची किंमत केवळ शंकांपुरती मर्यादित असती तर तिचा एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांमुळे बारामती व इंदापूर हे तालुके ऊस क्षेत्र म्हणून ओळखले जातात. गळीत हंगामात तोडणी कामगार उभ्या फडात वाकून काम करतात. उसाच्या पातीची कड धारदार असते आणि तिच्यावर बारीक कुसळे असतात. अशी पात डोळ्याला लागली की पारदर्शक पटलावर ओरखडा उठतो आणि वनस्पतीबरोबर आलेली बुरशी त्या ओरखड्यात रुजू शकते. उष्ण प्रदेशातील शेतकरी व शेतमजूर यांच्यात बुरशीजन्य कॉर्नियाव्रणाचे हे एक सुपरिचित कारण आहे.

रुग्ण आपली तक्रार कशी सांगतो, हे इथे महत्त्वाचे ठरते. "बुबुळाला पात लागली, बुबुळ सुजलंय" असे तो सांगतो. आता याच भाषेत बसणारा दुसरा विकार पाहावा. आयरिसला सूज येणे, म्हणजे 'आयरायटिस', या विकारातही डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सहन होत नाही आणि बाहुली आकसते. या रुग्णाचे दुखणेही बोलभाषेत बुबुळाचेच दुखणे ठरते. मात्र दोन्ही विकारांचे उपचार परस्परविरोधी आहेत. आयरायटिसमध्ये स्टेरॉइडचे थेंब हा मुख्य उपचार असतो. त्याच्या जोडीला बाहुली मोठी करणारे थेंब देतात, जेणेकरून सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटू नये. बुरशीजन्य व्रणात तेच स्टेरॉइडचे थेंब घातले तर शरीराचा प्रतिकार मंदावतो, बुरशी फोफावते आणि पारदर्शक पटलाला भोक पडून डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते.

नेत्रतज्ज्ञ अर्थातच शब्दावर विसंबत नाही. तो स्लिट लॅम्पखाली डोळा तपासतो आणि आवश्यक तर व्रणाचा खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. परंतु तोडणी कामगार पहिल्यांदा नेत्रतज्ज्ञाकडे जाईलच असे नाही. तो औषधाच्या दुकानात जातो, किंवा मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या बुबुळासाठी आणलेली बाटली मागून घेतो. शेजाऱ्याचे बुबुळ म्हणजे आयरिस होता आणि आपले बुबुळ म्हणजे कॉर्निया आहे, हे त्याला कोणत्या शब्दाने कळावे ? या अवस्थेत परिभाषा ही पंडितांची चैन राहत नाही. आरोग्यशिक्षणाच्या पत्रकात दोन अवयवांना दोन नावे असणे हा दृष्टी वाचविण्याच्या उपायांपैकी एक उपाय ठरतो.

३. 'परितारिका' : घडण आणि तुटलेला दुवा

शालेय विज्ञानाच्या मराठी पाठ्यपुस्तकांनी हा प्रश्न सोडविला आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. कॉर्निया म्हणजे पारपटल, आयरिस म्हणजे परितारिका, प्युपिल म्हणजे बाहुली, आणि रेटिना म्हणजे दृष्टिपटल. चार अवयवांना चार नावे मिळाली. त्यांपैकी 'पारपटल' हा शब्द विशेष यशस्वी मानावा लागेल. प्रकाश ज्याच्या पार जातो ते पटल, हा अर्थ शब्द उच्चारताच उलगडतो. 'दृष्टिपटल' या शब्दालाही वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

'परितारिका' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. संस्कृतात 'तारा' किंवा 'तारका' हा शब्द डोळ्यातील बाहुलीसाठी वापरला जातो. तिच्या परि, म्हणजे सभोवती, असणारी ती परितारिका. घडण निर्दोष आहे. अवयवाचे स्थान शब्दातच सांगितले आहे. परंतु ही घडण कळण्यासाठी 'तारा' म्हणजे बाहुली हे आधी ठाऊक असावे लागते. त्याच पाठ्यपुस्तकात बाहुलीला मात्र 'तारा' म्हटलेले नाही. परिणामी विद्यार्थ्याला परितारिकेतील तारिका आकाशातील वाटते आणि शब्द अर्थासह कळण्याऐवजी पाठ करावा लागतो. दोष एका शब्दाचा नसून जोडीतील एक शब्द संस्कृतातून आणि दुसरा बोलभाषेतून घेतल्याचा आहे. परिभाषेत शब्द एकेकटे नांदत नाहीत, ते कुळाने नांदतात. कूळ मोडले की अर्थाचा दुवा तुटतो.

मग बाहुलीला हटवून 'तारा' आणावी काय ? तसे करणे अनर्थकारक ठरेल, कारण 'बाहुली' हा या साऱ्या परिभाषेतील सर्वांत जिवंत शब्द आहे. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिले असता आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, त्यावरून हे नाव पडले. लॅटिन 'प्युपिला' याचा अर्थ लहान मुलगी वा बाहुली. संस्कृत 'कनीनिका' या शब्दातही लहान मुलीचाच अर्थ आहे. तीन भाषांनी एकच दृश्य पाहिले आणि एकच नाव दिले. असा शब्द घडवावा लागत नाही आणि एकदा रुळला की तो मोडताही येत नाही. तेव्हा उपाय परितारिका शिकविण्याच्या पद्धतीत आहे. धड्यात एकच वाक्य वाढवावे : बाहुलीला संस्कृतात तारा म्हणतात आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा ती परितारिका. तुटलेला दुवा एवढ्याने सांधला जातो.

'परितारिका' टिकविण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. शास्त्रीय संज्ञेला संतती असावी लागते. परितारिकाशोथ, परितारिकाछेदन असे शब्द तिच्यापासून सहज सिद्ध होतात. काचबिंदूवर १८५७ च्या सुमारास आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत परितारिकेचा लहानसा तुकडा कापून काढला जातो. 'बुबुळछेदन' म्हटल्यास ऐकणाऱ्याच्या मनात जे भय निर्माण होईल त्याची कल्पना करता येते. 'बुबुळ' हा शब्द घरातला आहे आणि त्याने घरातच राहावे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर त्याचे काम नाही.

४. इंद्रधनुष्याचे गोत्र

ग्रीक भाषेत 'आयरिस' हे इंद्रधनुष्याचे नाव होते. त्यावरून एका फुलझाडाला ते नाव मिळाले आणि युरोपीय शरीरशास्त्रात अठराव्या शतकात ते डोळ्यातील रंगीत पडद्यासाठी स्थिर झाले. १८०३ साली स्मिथसन टेनंट यांनी शोधलेल्या धातूच्या क्षारांत विविध रंग दिसले म्हणून त्याला 'इरिडियम' म्हटले गेले. 'इरिडेसन्स' हा शब्द याच कुळातील. युरोपात निळे, हिरवे, करडे, तपकिरी असे नाना रंगांचे डोळे आढळतात. तेथील शरीरशास्त्रज्ञांना त्या पडद्यात इंद्रधनुष्य दिसले यात नवल नाही.

महाराष्ट्रात बहुतेकांच्या परितारिका गडद तपकिरी असतात. फिकट डोळ्यांसाठी मराठीत 'घारे' हा स्वतंत्र शब्द आहे आणि तो अपवाद म्हणूनच वापरला जातो. त्यामुळे या पडद्याला नाव देताना मराठीने रंगाऐवजी स्थान प्रमाण मानले, हे तिच्या भूमीशी सुसंगतच आहे. इंद्रधनुष्याचा दुवा गेला म्हणून हळहळण्याचे कारण नाही.

शास्त्राच्या दृष्टीने पाहता तो दुवा काहीसा फसवाही आहे. तपकिरी परितारिकेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. निळ्या परितारिकेत मात्र निळे रंगद्रव्य मुळीच नसते. मेलॅनिन अल्प असल्यामुळे पडद्यातील सूक्ष्म तंतूंवरून आखूड लहरींचा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि डोळा निळा दिसतो. हा निळा रंग रचनाजन्य आहे, तथापि पाहण्याचा कोन बदलला म्हणून तो पालटत नाही. म्हणजेच ज्या अवयवाला इंद्रधनुष्याचे नाव मिळाले त्यात माणसाच्या बाबतीत 'इरिडेसन्स' नाही. नावाचे गोत्र एक असले तरी गुण एक असतोच असे नाही.

प्राणिसृष्टीत मात्र डोळा आणि ही झळाळी यांची गाठ खरोखरच पडते, आणि ती इंदापूर–बारामतीच्या रस्त्यावर दिसते. रात्री उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघालेल्या असताना समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यात बैलांचे डोळे निळसर-हिरवे चमकतात. ही चमक परितारिकेची नाही. गुरांच्या दृष्टिपटलामागे कोलॅजन तंतूंचा अत्यंत नियमित रचनेचा एक परावर्तक थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश तो थर परत पाठवितो, त्यामुळे अंधुक उजेडात जनावराला अधिक दिसते. तंतूंतील अंतर ठरावीक असल्याने ठरावीक रंगच परत येतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ साली घोषित झालेल्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकाऱ्याच्या डोळ्यांतही हाच थर असतो. माणसात तो नाही. मराठीत 'डोळे चमकणे' हा शब्दप्रयोग आहे, पण या थराला रुळलेले नाव नाही. 'परावर्तक पटल' असे साधे वर्णन तिथे पुरेसे ठरावे.

मासळीच्या डोळ्यात तर परितारिकाच चकाकते. उजनीच्या जलाशयातील चिलापी भिगवणच्या बाजारात टोपलीत आली की तिच्या खवल्यांवर आणि डोळ्याच्या कड्यावर रुपेरी झाक दिसते. ग्वानिन या द्रव्याच्या पातळ स्फटिकपत्र्यांनी भरलेल्या पेशी हे तिचे कारण आहे. या पेशींना इंग्रजीत 'इरिडोफोर' म्हणतात. या शब्दाचे भाषांतर करताना 'परितारिका' हा शब्द उपयोगी पडत नाही, कारण इथला 'इरिडो' डोळ्याकडे नव्हे तर इंद्रधनुष्याकडे बोट दाखवितो. एकाच उपसर्गाचे दोन अर्थ होतात, ही मूळ भाषेतील संदिग्धता होय. मराठीने दोन वाटा वेगळ्या केल्याचा लाभ नेमका इथे दिसतो.

५. भिगवणच्या पाण्यावरील तीन प्रकारचे रंग

'इरिडेसन्स'ला प्रतिशब्द देण्यापूर्वी तो कशाला द्यावयाचा हे निश्चित करणे क्रमप्राप्त ठरते. त्यासाठी भीमेवरील उजनी धरणाचा इंदापूर तालुक्यातील फुगवटा ही उत्तम प्रयोगशाळा आहे. हिवाळ्यात भिगवण–कुंभारगाव परिसरात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांचा गुलाबी रंग अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा असतो. कोणत्याही बाजूने पाहिले तरी गुलाबी तो गुलाबीच. हा रंगद्रव्यजन्य रंग होय.

त्याच पाण्याच्या काठी मोर शराटी चिखलात चोच घालून फिरताना दिसतो. दुरून तो केवळ काळपट तपकिरी भासतो, पण अंग वळवताच पंखावर हिरवी-जांभळी झाक उमटते आणि पुन्हा वळताच मावळते. त्याच्या नावात 'मोर' आला आहे तो यामुळेच. जांभळ्या शिंजीर नराचेही तसेच. ही खरी इरिडेसन्स : रचनाजन्य आणि कोनानुसार पालटणारी.

तिसरा प्रकार तारांवर बसलेल्या नीलपंखाचा. त्याच्या पंखांतील निळ्या रंगाचे द्रव्य नसते, तो रंगही रचनाजन्यच आहे, परंतु तो मोराच्या रंगाप्रमाणे कोनानुसार पालटत नाही. पिसातील सच्छिद्र केरॅटिनची रचना स्पंजासारखी असते. तिच्यात थरांची वा जाळीची शिस्त नसल्याने सर्व दिशांना जवळपास तोच निळा रंग विखुरला जातो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांच्या उगमावर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात नीलपंखाच्या पिसांचा अभ्यास होता. पुढच्याच वर्षी त्यांनी शिंपल्यांच्या झळाळीकडे लक्ष वळविले.

या तीन पक्ष्यांवरून परिभाषेची गरज स्पष्ट होते. 'रचनाजन्य रंग' ही संज्ञा इरिडेसन्ससाठी वापरली तर नीलपंख अकारण त्यात येतो. 'चमकदार रंग' म्हटले तर ओला झालेला कोणताही पक्षी येतो. कोनसापेक्षता हा या गुणाचा गाभा आहे आणि प्रतिशब्दाने तो सांगितलाच पाहिजे.

६. दीप्ती की झाक ?

या दृष्टीने उपलब्ध पर्याय तपासता येतात. 'वर्णदीप्ती' किंवा 'रंगदीप्ती' हे शब्द कानाला गोड आहेत आणि भारतीय भाषांतील शास्त्रीय लेखनात आढळतात. परंतु 'दीप्ती'त स्वतः प्रकाशण्याचा भाव आहे. मराठीत 'जीवदीप्ती' ही संज्ञा काजव्यासारख्या स्वयंप्रकाशी जीवांसाठी वापरली जाते. काजवा अंधारात प्रकाशतो, मोर प्रकाशत नाही. ज्या विद्यार्थ्याला काजव्याची जीवदीप्ती शिकविली त्यालाच मोराची वर्णदीप्ती शिकविली तर दोन्ही एकाच जातीच्या घटना आहेत असे तो समजेल आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

'इंद्रधनुषी' हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाशी प्रामाणिक आहे, पण तो सात रंगांची अपेक्षा निर्माण करतो. मोर शराटीच्या पंखावर सात रंग नसतात. 'मोरपंखी' हा शब्द खरे तर योग्य ठरला असता, परंतु साड्यांच्या दुकानाने तो एका ठरावीक निळ्या-हिरव्या छटेला बांधून टाकला आहे. 'धूपछाव' हा विणकरांचा शब्द ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेल्या वस्त्रासाठी आहे. असे वस्त्र हलविले की रंग पालटतो. कोनसापेक्षतेचा अनुभव या शब्दात पुरेपूर आहे, मात्र तिथले रंग दोन वेगळ्या रंगविलेल्या धाग्यांचे आहेत. वर्गात उपमा म्हणून धूपछाव अत्यंत उपयुक्त आहे, संज्ञा म्हणून नाही.

उरतो 'झाक' हा साधा मराठी शब्द. मूळ रंगावर वरवर उमटणारी छटा हा त्याचा रूढ अर्थ आहे. 'कोनसापेक्ष रंगझाक' असे म्हटल्यास घटना कोणती आणि ती कशावर अवलंबून आहे, ही दोन्ही अंगे शब्दात येतात. शब्द लांब आहे हा आक्षेप मान्य करावा लागेल. तथापि प्रथम उल्लेखात पूर्ण संज्ञा आणि पुढे नुसती 'रंगझाक' असा वापर करता येतो. लांब पण खरा शब्द हा आटोपशीर पण फसव्या शब्दापेक्षा वर्गात अधिक काळ टिकतो.

७. मोरोपंतांच्या गावातील मोर

बारामतीत या चर्चेला एक वेगळाच संदर्भ लाभतो. पंतकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी आपले काव्यजीवन बाबूराव नाईकांच्या आश्रयाने याच गावी व्यतीत केले. स्वतःच्या नावावरून त्यांनी 'मयूर' ही नाममुद्रा घेतली आणि ईश्वराला घातलेल्या आपल्या आर्त सादेला 'केकावलि' हे नाव दिले. केका म्हणजे मोराचा टाहो. याच तालुक्यात कऱ्हेच्या काठी मोरगाव आहे आणि तेथील गणपती मयूरेश्वर नावाने प्रसिद्ध आहे. इतका मोर ज्या भूमीच्या नावानावांत आहे तिथे मोराच्या रंगासाठी अमूर्त संज्ञा का नसावी, असा प्रश्न सहज उपस्थित होतो.

उत्तर असे की भाषेने मोराचे अवयव आणि आविष्कार नामबद्ध केले : केका, पिसारा, आणि पिसाऱ्यावरील डोळा, ज्याला संस्कृतात चंद्रक म्हणतात. रंगाच्या पालटण्याला मात्र वेगळे नाव देण्याची गरज काव्याला पडली नाही. ती गरज शास्त्राला पडली. रॉबर्ट हूक यांनी १६६५ च्या 'मायक्रोग्राफिया'त मोराचे पीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदविले की पाण्याने भिजताच त्याचे रंग नाहीसे होतात. रंग द्रव्यात नसून रचनेत आहे याचा तो पहिला सुगावा होता. आज हे ज्ञात आहे की मोरपिसाच्या सूक्ष्म तंतुकांत मेलॅनिनच्या काड्यांची नियमित जाळी असते. जाळीतील अंतर किंचित बदलले की निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होतो. द्रव्य सर्वत्र तेच, काळसर मेलॅनिन. मानवी परितारिकेला तपकिरी करणारेही मेलॅनिनच. मोरपिसाचा डोळा आणि माणसाचा डोळा यांना जोडणारा खरा दुवा इंद्रधनुष्य नसून हे एक काळे द्रव्य आहे. एके ठिकाणी ते विखुरलेले आहे म्हणून रंग स्थिर राहतो. दुसऱ्या ठिकाणी ते शिस्तीत रचलेले आहे म्हणून रंग पालटतो.

मोरोपंतांच्या संस्कृतप्रचुर रचनेवर दुर्बोधतेचा आक्षेप पुष्कळांनी घेतला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून त्यांची बाजू मांडली. परिभाषेच्या वादात हा धडा उपयोगी आहे. संस्कृत शब्द हा मुळातच दोषास्पद नसतो आणि मराठी शब्द हा मुळातच गुणास्पद नसतो. मोरोपंतांच्या आर्या श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या, कारण पुराणिक आणि कीर्तनकार त्यांचा अर्थ उलगडून सांगत. शास्त्रीय परिभाषेला असा उलगडून सांगणारा मध्यस्थ लागतो, आणि तो म्हणजे शिक्षक. परितारिकेचे अपयश हे शब्दाचे कमी आणि त्याच्या निरूपणाच्या अभावाचे अधिक आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) 'बुबुळ' हा शब्द बोलभाषेत समर्थ असला तरी वैद्यकीय व्यवहारात तो पारपटल आणि परितारिका या दोन अवयवांसाठी एकाच वेळी वापरला जातो. उपचार परस्परविरोधी असलेले विकार त्यामुळे एकाच नावाखाली येतात. नेत्रदानाची पत्रके, संमतिपत्रे व आरोग्यशिक्षणाचे साहित्य यांत 'पारपटल' व 'परितारिका' हे शब्द बुबुळाच्या जोडीने, आकृतीसह वापरणे अगत्याचे आहे.

(२) 'परितारिका' हा शब्द घडणीने निर्दोष आणि संततिक्षम आहे. 'तारा म्हणजे बाहुली' हा दुवा शिकविताना सांगितला गेला तरच तो अर्थवाही ठरतो.

(३) 'आयरिस' आणि 'इरिडेसन्स' यांचे समान मूळ मराठीत न येणे हे नुकसान नव्हे. मानवी परितारिकेत इरिडेसन्स नसल्याने ही फारकत शास्त्रीय दृष्ट्या इष्टच आहे.

(४) 'वर्णदीप्ती' ही संज्ञा स्वयंप्रकाशाचा आभास निर्माण करते. कोनसापेक्षता व्यक्त करणारी 'कोनसापेक्ष रंगझाक' ही संज्ञा अध्यापनात अधिक विश्वसनीय ठरेल.

परिभाषेचे मूल्यमापन कोशाच्या पानांवर पूर्ण होत नाही. भिगवणच्या काठावर शराटीने पंख वळविला असता विद्यार्थ्याला नेमके काय दिसले ते सांगता आले पाहिजे. पात लागलेल्या डोळ्यावर हात धरून दवाखान्याच्या पायरीवर आलेल्या तोडणी कामगारालाही नेमके कुठे दुखते ते सांगता आले पाहिजे. पहिल्याचा शब्द चुकला तर गुण कमी होतात, दुसऱ्याचा चुकला तर दृष्टी जाऊ शकते. परिभाषेचा अग्रक्रम यावरूनच ठरावा.